टॅपेट कव्हरचं पॅकिंग

नोकरीतून मोकळे झाल्यावर आमच्या यांनी त्यांच्या जुन्या साहेबांकडून एक स्पोर्ट्स कार घेतली. हिरवी, बुटकी, बिनटपाची, जेमतेम दोन माणसांची. साहेब मुलाकडे परदेशी चालले होते. "या वयात?" एवढंच मी विचारलं. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

उमेळ्याला आमचं आणि दिरांचं अंगण एकच. गाडी आली आणि फरशीवर ऑइलचे काळे डाग पडायला लागले. माझ्या जाऊबाई तिथे खाटेवर कुरडया वाळत घालायच्या. त्या भांडल्या नाहीत, पण खाट उचलून पार विहिरीपलीकडे नेली. ते यांना जास्त लागलं.

ऑइल इंजिनच्या तळाच्या चेंबरमधून टपकत होतं. यांनी गोणपाटावर उताणं पडून चेंबर उतरवलं, नवीन पॅकिंग घालून पुन्हा बसवलं. गाडीखालून नुसते पाय दिसायचे आणि गुणगुणणं ऐकू यायचं. इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस काम करताना गुणगुणतो हे मला ठाऊकच नव्हतं.

गाडी चालू केली. थेंब पुन्हा तिथेच.

हे पायरीवर येऊन बसले. हात पुसत म्हणाले, "विकून टाकू. तुला तरी कुठे आवडते?"

गाडीचं सोडा, ते गुणगुणणं थांबलेलं मला नको होतं.

"घरात पाणी गळतं तेव्हा डाग एकीकडे आणि भेग दुसरीकडेच असते," मी म्हटलं. "वरून कुठून येत नसेल ना?"

हे उठले. रॉकेलने सगळं इंजिन पुसून कोरडं केलं. मग माझ्याकडे अंगाला लावायची पावडर मागितली आणि इंजिनवर भुरभुरली. गाडी थोडा वेळ चालू ठेवली. पांढऱ्या पावडरीतून एक काळी रेघ खाली उतरली होती. सुरुवात इंजिनच्या अगदी माथ्यावरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, मागच्या कोपऱ्यात. कव्हर उघडलं तर आतलं कॉर्कचं पॅकिंग वाळून तुकडे तुकडे झालेलं.

तसं पॅकिंग आता कुठे मिळणार? यांनी वसईच्या बाजारातून कॉर्कची शीट आणली. मी आयुष्यभर गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवलेत. कव्हर पालथं ठेवून आधी कागदावर बेतलं, मग कॉर्कवर खडूने आखून कात्री चालवली. यांनी ते बसवलं आणि बोल्ट असे आवळले की कॉर्क बाहेर फुगून फाटलं.

"अहो, किती ओढता! शिवण ताणली की उसवते, तसंच झालं हे."

"मग तूच पीळ."

मी दुसरं कापलं. पाना मीच धरला. एक बोल्ट थोडा, मग समोरचा थोडा, असं फिरत फिरत आवळत गेले. हे बाजूला उभं राहून "बस, बस" म्हणत होते, जणू मी कोणाला इंजेक्शन देत होते.

रविवारी आम्ही त्या गाडीतून नंदाखालला माझ्या माहेरी गेलो. केळीच्या बागांमधून जाताना वाऱ्याने माझा अंबाडा सुटला, तर हे हसत सुटले. भाऊ बाहेर आला, गाडीभोवती फिरला आणि तिच्याखाली पुठ्ठा सरकवला; डागांचं त्याच्या कानावर आलं होतं. "आमचं अंगण खराब नको," म्हणाला. चहा झाल्यावर त्याने पुठ्ठा ओढून उजेडात धरला, उलटासुलटा केला. कोरडा.

"दाजी, जमलं की तुम्हाला!"

"मला काय जमतंय," हे म्हणाले, "तुझ्या बहिणीने शिवलीय गाडी."

भावाला ते काही कळेना. मग यांनी त्याला पावडरीपासून सगळं सांगायला घेतलं, हातवारे करून, आणि पाना कसा धरला तेही करून दाखवलं. तेवढ्यात वहिनी म्हणाली, मला एक चक्कर हवी. गाडीत दुसरी जागा एकच. मी तिला बसवलं आणि भावाशेजारी ओट्यावर नारळपाणी पीत बसले.

गाडी वळणापलीकडे गेली तरी वहिनीचं हसणं ऐकू येत होतं.