भावोजींचे सात ग्रुप

व्हॉट्सॲपचा ग्रुप चालवावा तर माझ्या भावोजींनीच. बाकीचे सगळे नुसते फोन बाळगतात. हे मी वटारच्या नाक्यावर उभा राहून मोठ्याने सांगतो, आणि ज्याला पटत नसेल त्याने निर्मळला जाऊन बघून यावं. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वय पंचाहत्तरच्या पुढे. चाळीस वर्षं त्यांनी आळीतल्या घराघरांतून फुलांच्या टोपल्या गोळा करून दादरच्या बाजारात पोचवल्या. गुडघे गेले तशा टोपल्या सुटल्या, पण घरं गोळा करायची सवय काही सुटली नाही. सुनेने फोन हातात दिला मात्र, महिन्याभरात अकरा घरांच्या आळीचे सात ग्रुप झाले. लग्नकार्याचा वेगळा, मयतीचा वेगळा, वीज गेली त्याचा वेगळा, आणि एक तर निव्वळ कुणाचं कुत्रं कुणाच्या वाडीत शिरलं यासाठी. मी म्हणालो, "भावोजी, एकच पुरे की." तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी चपला घालून देवळात शिरलोय. "मेव्हण्या, मोगऱ्याच्या टोपलीत झेंडू टाकला की दोन्हींचा भाव जातो."

शिस्त म्हणाल तर विचारू नका. एकाने चुकून मयतीच्या ग्रुपात पोराच्या वाढदिवसाचा केक टाकला. भावोजींनी त्याला तिथल्या तिथे बाहेर काढलं, मग काठी टेकत त्याच्याच घरी गेले, केक खाल्ला, पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघताना बापाला म्हणाले, "तेराव्या दिवशी परत घेतो." रोज सकाळी उगवत्या सूर्याची चित्रं पाठवतो म्हणून पोटच्या मुलालाही काढलं होतं. दुपारी तो पानावर बसून म्हणाला, "बाबा, लोणचं सरकवा." हे म्हणतात, "आधी तिकडे माफी लिही." ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, पोराला जेवू द्या!" तर तिलाही, "तू मध्ये पडू नको, तू सभासद आहेस." मी काही त्या आळीतला नाही, पण माहेरचा माणूस म्हणून मलाही घेतलेलं. मला टाइप करणं जमत नाही, मी बोलून पाठवतो. त्याला यांचा नियम, एका श्वासात मावेल तेवढंच बोलायचं. माझं बोलणं जरा लांबलं, तर यांचं उत्तर, "दम घे." मीही कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नाही, सातही ग्रुप सोडले. दुसऱ्या दिवशी म्हातारा रिक्षा करून वटारला दारात हजर. "रुसलेल्याला घरी येऊन न्यायचं असतं," म्हणाले, आणि माझ्या वाडीतली केळी खात खात मला सातही ठिकाणी परत घातलं.

पण खरा कडक कारभार बावखलाच्या ग्रुपात. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं लहान तळं. त्या आळीचं बावखल अकरा घरांचं सामाईक आहे, आणि त्याचं काही करायचं तर अकराही घरांचा होकार हवा, ही चाल भावोजींच्या आजोबांच्याही आधीची. भावोजींनी ती जशीच्या तशी फोनात उतरवली. ग्रुपात माझ्यासारखे कुणीही असोत, मत घराला एकाच नंबरचं, आणि त्या अकराही जणांनी वाचून खुणा निळ्या झाल्याशिवाय निर्णय धरायचा नाही. स्वतःच्या घराचा नंबर मात्र त्यांनी ताईचा दिला. म्हणाले, "मी तराजू धरलाय. मीच माल घातला तर लोक काय म्हणतील?"

ताई गेल्या श्रावणात गेली. दिवाळी झाली आणि भावोजींच्या पुतण्याने त्या ग्रुपात टाकलं, की बावखल बुजवू या, गाड्या लावायला जागा होईल. दोन दिवसांत दहा घरांनी 'हो' लिहिलं. अकराव्याची खूण काही निळी होईना. पुतण्या घरी आला. मी तिथेच चहा पीत होतो.

"काका, काकूचा नंबर रिमूव्ह करा ना आता. तुमचा टाका."

"केक टाकला होता का तिने?"

"काका, प्लीज. सीरियसली बोलतोय."

"मग मीही तेच बोलतोय. काही चुकलं तरच माणसाला काढतात."

पुतण्या गेल्यावर मी म्हणालो, "भावोजी, सरळ नाही म्हणा की." ते म्हणाले, "मी नाही म्हटलं तर म्हातारा आडवा आला म्हणतील. ती आडवी आली तर कुणाची टाप आहे?"

आळीने भावोजींना वगळून आठवा ग्रुप काढला, तिथे ठरवलं, आणि एका सकाळी भरावाचा ट्रक आणला. मला कळलं तसा मी स्कूटर काढून गेलो. भावोजी बावखलाच्या काठावर खुर्ची टाकून बसले होते, बरोबर वाटेत. मीही एक खुर्ची आणून शेजारी बसलो. दोन म्हातारे, पण ट्रकला तेवढे पुरतात.

"काका, सरका ना!" पुतण्या म्हणाला. "ड्रायव्हर खोळंबलाय."

"अकराव्या घराने अजून वाचलं नाही."

"अहो, काकूचा फोन तुमच्याच खिशात आहे! चार्ज पण तुम्हीच करता!"

"दुसऱ्याचा फोन उघडायचा नसतो. तिचा मी ती असतानाही उघडला नाही."

मी हळूच म्हणालो, "भावोजी, एकदा बघा तरी उघडून." त्यांनी खिशावर हात ठेवला. "श्रावणापासून आळीत जे जे झालं ते सगळं आत आहे, मेव्हण्या. उघडलं की तिचं वाचून होईल." मग स्वतःचा फोन काढून एका बोटाने पुष्कळ वेळ काहीतरी लिहीत राहिले. पुतण्याचा फोन वाजला, मागे उभ्या असलेल्यांचेही वाजले. भावोजींनी लिहिलं होतं, "अकरावं घर बाहेरगावी गेलं आहे. आल्यावर कळवू."

पुतण्याने ते दोनदा वाचलं. काकूच्या हातची जेवणं त्यानेही लहानपणी रोज जेवलेली. त्याने ड्रायव्हरला नुसता हात केला, मागे घे.

बावखल आहे तिथेच आहे. ती येईपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, हे भावोजींना अजून कुणी विचारलेलं नाही. मीही नाही. आणि कुणी विचारायला आलंच, तर आधी माझ्याशी गाठ आहे.