बैलाआडची चाल

पोटच्या पोरीवर कोणी जळतं का? मी जळतो.

आमच्या औंढ्याकडच्या माळाला हरणांचा कळप असतो. बाप जवानीत बैलाच्या आडोशानं त्यांची शिकार करायचा. पुढं कायदा कडक झाला, बंदूक गेली, पण बापानं ती चाल काही सोडली न्हाई; नुसतं जवळून बघायला जायचा. माणूस दिसला की हरणं पळतात. चरता बैल मात्र त्यांना घरचाच वाटतो. म्हणून बैलाच्या पुढच्या पायाशी वाकायचं अन् तो चरत जाईल तसं सरकायचं. कासरा ओढायचा न्हाई. ओढला की बैल मान वर करतो, अन् मान वर झाली की कळप उधळलाच.

लहानपणी मी दरवेळी कासरा ओढायचो. बाप पाठीत धपाटा घालायचा. "काहून घाई करून राहिला रे? तिकडं तुझं लगीन लागून राहिलं का?" मग मला बांधावर बसवून एकटाच पुढं जायचा. कळपाजवळ पोचावं अन् बापानं पाठीवर हात ठेवावा, एवढंच मला पाहिजे होतं. ते काही झालं न्हाई.

आता तोच बाप माझ्या पोरीला शिकवून राहिला. तिला मोबाईलवर हरणांचे फोटो काढायची हौस. परवा मीही त्यांच्या मागं गेलो. तिनं पहिल्याच फटक्यात कासरा ओढला. बैलाची मान वर, कळप पसार. आता बसतो धपाटा, म्हणलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाप खाली बसला. "बस माय," म्हणला, "येतील परत. त्यांना तरी कुठं जायचंय?" खिशातले फुटाणे काढून तिच्या हातावर ठेवले. मला विचारलंसुद्धा न्हाई. माझा नुसता जळफळाट. एवढं गोड बोलता येत होतं या माणसाला, तर माझ्या वक्ताला काय झालं होतं?

ऊन कलल्यावर कळप परत आला. या वेळी कासरा ढिला सोडून ती बैलासंगं सरकत गेली, पार कळपाजवळ पोचली अन् फोटो काढून तशीच गुपचूप माघारी आली. बापानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी त्या हाताकडं बघत राहिलो.

घराकडं येताना तिनं विचारलं, "आबा, बाबांना काहून न्हाई जमत?"

मी मागंच होतो. बाप न वळता म्हणला, "त्याला शिकवायला माझ्यातच धीर नव्हता, माय."

एवढं ऐकायला मी जन्म काढला, अन् तेही त्यानं तिलाच सांगितलं.