अक्काच्या दारातली झोळी

लग्नाआधी माझ्या दोन कथा मासिकांत छापून आल्या होत्या. माढ्यासारख्या गावात तेवढ्यावर मी लेखिका ठरले होते. लग्न होऊन सोलापुरात आले, मुलगा झाला, त्याच्या पाठीवर मुलगी झाली, आणि कुणी ‘लेखिका’ म्हटलं की मला लाज वाटायला लागली. कारण मी काहीच लिहीत नव्हते.

सुचत नव्हतं असं नाही. सुचायचं ते नेमकं हात गुंतलेले असताना. दुपटी पिळताना एखादं वाक्य अख्खं तयार होऊन यायचं. ते मनात घोळवत राहावं, तर तेवढ्यात मुलगा पेटत्या स्टोव्हपाशी जाऊन उभा. त्याला ओढून आणेपर्यंत वाक्य गेलेलं. मुलीला मांडीवर घेऊन बसावं, तर ती पेनच तोंडात घालायची. माझे यजमान मिलच्या ऑफिसात कारकून होते. माणूस चांगला. “लिही की, कोण नको म्हणतंय?” असं म्हणायचे आणि पेपर उघडून बसायचे.

आम्ही पूर्व भागात एका चाळीत राहत होतो. समोरच्या खोलीत तेलुगू बोलणारं जोडपं होतं. नवरा कारखान्यात चादरींच्या मागावर जायचा आणि बायको दारात बसून विड्या वळायची. ती माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. तिला मूल नव्हतं. दिवस राहायचे आणि जायचे. असं कितीदा झालं ते तिनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुष्काळाचं साल होतं. नळ कधी येईल याचा नेम नव्हता, त्यामुळे दिवसभर एक कान नळाकडे. त्यातच एका संपादकांनी दिवाळी अंकासाठी कथा मागितली. मी हरखून होकार कळवला आणि मग आठवडेच्या आठवडे एक पानसुद्धा झालं नाही. एका दुपारी मुलगा बालवाडीत गेला होता. कशाबशा चार ओळी लिहून झाल्या आणि मुलीनं रांगत येऊन शाईची दौत त्यावर उपडी केली. मी तिला रागावलेसुद्धा नाही. निळ्या हातांची ती पोर समोर घेऊन नुसती रडत बसले.

अक्का दारात येऊन उभी राहिली. “काय झालं वैनी?”

“काही नाही.”

“काही न्हाय तर रडताय कशाला?”

मी सांगितलं. एक गोष्ट लिहायची आहे, आणि वेळ मिळत नाही. सांगताना मलाच ते फार क्षुल्लक वाटलं. अक्काला अक्षरओळख नव्हती. पण ती हसली नाही. तिनं पोरीचे हात आपल्या पदराला पुसले आणि विचारलं, “रोज दुपारचा वेळ पुरंल का त्याला?”

“पुरेल की.”

“मग हिला मला द्या. तुमी लिवा.”

“आणि तुमच्या विड्या?”

“विड्या हातानं वळत्यात, वैनी. झोळी पायानं हलती.”

तसंच झालं. तिनं आपल्या दारातल्या आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं. तंबाखूच्या वासानं पोर शिंकते असं दिसल्यावर तिनं तंबाखूचा डबा वाऱ्यानं वास येणार नाही अशा बाजूला सरकवला. मी खोलीत चादर टांगून तिच्या आड लिहायला बसायची. समोरून अक्काचं तेलुगूतलं गुणगुणणं ऐकू यायचं. माझ्या आयुष्यात लिहिण्याचं इतकं सुख मला त्याआधी मिळालं नव्हतं, आणि नंतरही नाही.

अक्का माझ्या मुलीला ‘पाप’ म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोरीला चटकन उचलून घेतलं. तिच्या भाषेत पाप म्हणजे तान्ही मुलगी, हे तिनंच मग हसत हसत समजावून सांगितलं. मुलगी बोलायला लागली ती दोन्ही भाषांत. मला ‘आई’ म्हणायची आणि अक्काला ‘अम्मा’. ती पहिल्यांदा अम्मा म्हणाली तेव्हा अक्कानं घाबरून माझ्याकडं पाहिलं. “मी न्हाय शिकवलं हो.” मी म्हटलं, “म्हणू दे की.” मला आत कुठंतरी टोचलं होतं. पण अक्काचा चेहरा बघितला आणि ते टोचणं मागं पडलं.

कथा पुरी झाली तेव्हा मी ती अक्काला वाचून दाखवली. सासरी न पटलेली एक बाई पहाटे एस. टी. स्टँडवर येऊन बसते, आणि गाडी यायच्या आधीच कथा संपते. अक्का दोरा गुंडाळता गुंडाळता थांबली.

“मग पुढं काय झालं तिचं?”

“गोष्ट तिथंच संपते, अक्का.”

“असं कसं? तिला घरी तरी पोचवा की. बिचारी थंडीत बसलीय.”

मी आणखी एक पान लिहिलं. बाईला माहेरी पोचवलं. अक्का म्हणाली, “आता बरं झालं.”

पावसाळा सरता सरता अक्काच्या घरी पाहुणे आले. दीर, चुलत सासरे, आणखी दोन म्हातारे. अंगणात खाटा टाकून सगळे पुरुष तेलुगूत बोलत बसले होते. अक्का आतून चहा आणून देत होती. मला एक शब्द समजला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडं आली, झोळीचं लुगडं घडी घालून हातात घेतलेलं.

“उद्या भाऊ येतोय न्यायला.”

“किती दिवसांसाठी?”

“दिवसांसाठी न्हाय, वैनी.”

नवऱ्याचं दुसरं लग्न ठरलं होतं. मुलगी नात्यातलीच होती. मी काहीतरी बोलायला लागले, रागानं, त्याच्याविषयी. तिनं हात वर करून मला थांबवलं. “त्याची आई रडती. त्यो तरी काय करंल? माझ्या पोटात टिकत न्हाय.”

यजमान अक्काच्या नवऱ्याशी बोलून आले. “त्यांच्या घरातला मामला आहे,” एवढंच म्हणाले आणि जेवले नाहीत.

सकाळी टांगा आला. एक पत्र्याची पेटी, एक बोचकं. भाऊ शेजारी मान खाली घालून उभा होता. माझ्या कडेवरून मुलीनं दोन्ही हात पुढं केले, “अम्मा, अम्मा.” अक्का दोन पावलं मागं सरली.

“घ्या ना एकदा,” मी म्हटलं.

“नको. घेतलं तर मी सोडणार न्हाय.”

तिनं लांबूनच हात पुढं करून मुलीच्या पायाला लावला आणि टांग्यात बसली. मुलगी टाहो फोडत होती. टांगा वळला तरी अक्कानं मागं पाहिलं नाही.

त्यानंतर कितीतरी दुपारी मुलगी धडपडत समोरच्या दारापाशी जायची आणि बंद फळीवर हात मारायची. एकदा दार उघडलं. आतून नवी नवरी बाहेर आली, अजून हळद न उतरलेली, पोरसवदा. मुलीनं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि परत फिरली. पुढं तिनं तिकडं जाणं सोडलं. हळूहळू ‘अम्मा’ हा शब्दही गेला. ती विसरली की मला सुटल्यासारखं होईल असं वाटलं होतं. ती विसरली, आणि मी पार एकटी पडले.

दिवाळीत अंक आला. कथा छापली होती. संपादकांनी शेवटचं पान गाळून ती स्टँडवरच संपवली होती. कथा तशीच चांगली झाली असं सगळे म्हणाले. मी अंक कपाटात ठेवून दिला. पुढची कथा लिहिली ती मुलगी शाळेत जायला लागल्यावर.

समोरच्या नवरीशी माझं फारसं बोलणं नव्हतं. तिला मुलगा झाला, तो चालायला लागला. एकदा नळावर तीच माझ्याजवळ सरकली. हळू आवाजात म्हणाली, “अक्का गेल्या हो. गावाकडं. ताप आला आन् गेल्या.” तिचे डोळे भरून आले होते. “मी आले तवा सुपात त्यांनी कापलेली पानं तशीच होती. त्या पानांच्या विड्या मीच वळल्या.” आम्ही दोघी घागरी भरायच्या सोडून तशाच उभ्या राहिलो. मागच्या बायका ओरडायला लागल्या तेव्हा भानावर आलो.

मुलीला आता स्वतःचं लेकरू आहे. मध्यंतरी तिला मी हे सगळं सांगितलं. लेकराला थोपटत तिनं ऐकलं. बराच वेळ आठवायचा प्रयत्न करत होती, ते मला तिच्या कपाळावर दिसत होतं.

“नाही गं आई,” ती शेवटी म्हणाली. “काहीच नाही आठवत. दिसायला कशी होती ती?”

मी सांगायला तोंड उघडलं. सावळी होती, नाकात दोन्ही बाजूंना खडे होते, बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी झालेली. एवढं सांगितलं आणि माझ्या लक्षात आलं की चेहरा मलाही नीट आठवत नाही.