सारख्या उंचीचे चौघे

आमचे तरुण मंडळ दोघेजण चालवत. एक प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, दुसरे बोटीवर फिटरची नोकरी करून परतलेले मोहल्ल्यातले चाचा. गाव रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ऐंशीनंतरची ती वर्षे. मी रत्नागिरीच्या एका दैनिकाला गावच्या बातम्या देत असे आणि मंडळाचा चिटणीस होतो.

संध्याकाळी कबड्डी, गणपतीत नाटक. पण मास्तरांनी मंडळ काढले ते वेगळ्याच कारणाने. त्यांचे वडील वारले तेव्हा वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला होते आणि खांदेकरी जमेपर्यंत तिरडी अंगणात पडून राहिली होती. म्हणून मंडळाचा पहिला नियम असा, की गावात कुणीही गेले तरी मंडळाची पोरे खांदा देतील. मोहल्ल्यातल्या जनाज्यालाही ती जात.

स्मशान खाली खाडीच्या अंगाला. तिथे उतरायला पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या उंचसखल पायऱ्यांची वाट. खांदेकऱ्यांची उंची जुळली नाही तर तिरडी कलते. त्यामुळे मास्तर प्रत्येक नव्या पोराला शाळेच्या भिंतीशी उभा करत आणि त्याच्या उंचीचे जोडीदार नेमून देत.

"टाचा कशाला उचलतोस रे मेल्या? मुलीकडचे बघायला आलेत काय तुला?"

चाचा वेल्डिंग शिकवत. एका बागायतदाराने आंब्याच्या पेट्यांची शेड वापरायला दिली होती. हंगामात तिथे पेंढा भरला की वर्ग बंद. शिकून तयार झालेला पोर मुंबईच्या गोदीत नाहीतर आखातात जाई. दर वर्षी कबड्डीचा संघ मोडे आणि भिंतीशी नव्याने जोड्या लागत.

"चाचा, तुमचा वर्ग म्हणजे एसटी स्टँड झालाय," मास्तर म्हणत. "पोर आत शिरला की गाडीत बसलाच."

"मग काय मयताची वाट बघत बसवू त्याला? घरात जिवंत माणसं आहेत, मास्तर. त्यांना जेवायला लागतं."

मास्तरांना हे पटत असे. त्यांच्या एकुलत्या मुलाला मस्कतचे काम चालून आले तेव्हा चाचाच म्हणाले, "ह्याला तरी ठेवा जवळ."

"लोकांची पोरं धाडायची आणि आपला घरात ठेवायचा? कसं दिसेल ते?"

मुलगा गेला. पुढे पुढे भिंतीशी उभे करायला शाळकरी पोरेच उरली. मास्तर त्यांना म्हणत, "वाढा लवकर."

त्या वर्षी गणपतीला सगळे आले होते. अंगणे भरली, भजने झाली. गौरी-गणपती गेले आणि मुंबईच्या गाड्या भरून गेल्या. त्यानंतरच्याच आठवड्यात मास्तर सकाळी विहिरीवर कोसळले. पाणी काढता काढता प्राण गेला.

मुंबईला तारा केल्या. त्या मिळून पोरे निघाली तरी दुसऱ्या दिवसाआधी पोहोचणार नव्हती, आणि आभाळ भरून आले होते. दुपारी मास्तरांचा धाकटा भाऊ मडके घेऊन पुढे झाला. तिरडीला हात लावायला दम्याचा एक म्हातारा, देवळातले पुजारी, चाचा आणि मी. चाचा आमच्यात फार ठेंगणे. दोन पायऱ्या उतरलो आणि तिरडी त्यांच्या बाजूला कलली.

"थांबा," चाचा म्हणाले. त्यांनी पुजाऱ्यांकडून पंचा मागून घेतला, घडी करून खांद्यावर ठेवला आणि वर दांडा घेतला. तरी पुरेना. मग त्यांनी स्वतःचा सदरा काढून त्यावर ठेवला. विसाव्याच्या दगडापाशी खांदे बदलायचे असतात. बदलायला माणसे नव्हती. आम्हीच पुढचे मागे आणि मागचे पुढे झालो. पाऊस लागला.

पोरे दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने उतरली. स्टँडवरून थेट स्मशानात गेली आणि राखेभोवती उभी राहिली. धिप्पाड, भरल्या खांद्यांची पोरे. प्रत्येक जण नकळत मास्तरांनी नेमून दिलेल्या आपल्या जोडीदाराशेजारीच उभा होता. मुलगा मस्कतहून बाराव्यालाही पोहोचू शकला नाही.

पावसाळा सरल्यावर चाचांनी शेड उघडली. तीन पोरे शिकायला आली. चाचांनी त्यांना आधी शेडच्या भिंतीशी उभे केले. दोघांची उंची जुळत होती. मग त्यांनी वेल्डिंगच्या काळ्या काचा पोरांच्या हातात दिल्या आणि शिकवायला सुरुवात केली.