हात मांडीखाली

खुर्चीत बसले की साहेब आधी दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून घ्यायचे. थंडी म्हणून नव्हे, भर चैत्रातही. माझ्या कीबोर्डला चुकून हात लागू नये म्हणून. मग मानेनंच पडद्याकडं खूण करायचे, "वाचा मालक. काय लिवलंय ते वाचा."

हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मदतीला म्हणून येतात आणि आपल्यालाच कामाला जुंपतात.

येरमाळ्याच्या बसस्थानकावर ते कंट्रोलर होते. निवृत्त झाल्यावरही सकाळची भूमची गाडी गेली की समोरच्या हॉटेलात चहाला यायचे. सगळे त्यांना साहेब म्हणत. नातवानं टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर त्यांनी लिनक्स नावाची, विंडोजसारखीच पण फुकटची प्रणाली स्वतःच बसवली होती आणि स्वतःच शिकली होती.

मी जुन्या कॅसेटमधली गाणी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. येडेश्वरीच्या यात्रेत हातगाडीवर कॅसेटी विकत होतो, तिथून इथवर आलो. मला कुणी हात दिला नाही. माझं सगळं काम कॅसेटचा आवाज कॉम्प्युटरात घेणाऱ्या एका साउंड कार्डावर चालतं. पुण्यातल्या एका बंद पडणाऱ्या स्टुडिओतून, मालकाला दोन तास घाम फोडून मी ते आणलं होतं. तसा आवाज आजच्या कार्डात नाही.

जुना कॉम्प्युटर बसला म्हणून नवा घेतला, तर नव्यातलं विंडोज त्या कार्डाला ओळखच दाखवेना. धाराशिवला दुकानात घेऊन गेलो. दुकानदारानं पिशवीतून बाहेरही न काढता सांगितलं, "काका, कंपनीनंच हात वर केलेत. भंगारात घाला." अरे, कार्ड चालतंय. त्याच्यावर ओरखडा नाही. चालत्या वस्तूला भंगार ठरवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? हे मी त्याला दुकानाबाहेर चार माणसं जमेपर्यंत ऐकवलं.

यात्रा आठ दिवसांवर होती. देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी मेळ्यातली एक म्हातारी तिची एकुलती एक कॅसेट माझ्याकडं ठेवून गेली होती. त्यात तिची थोरली बहीण गात होती. बहीण गेली, आवाज तेवढा उरला. फीत इतकी झिजलेली की एकदा नीट वाजेल, दुसऱ्यांदा तुटेल. यात्रेत ते गाणं तिला मेळ्यापुढं लावायचं होतं. कार्ड चालल्याशिवाय कॅसेटला हात लावायची माझी छाती नव्हती.

म्हणून साहेबांना बोलावलं. आधी विचारलं, काय घेणार? आकडा कळला की मी तो खाली आणतो, हा माझा धंदा. ते म्हणाले, काही नको. ज्या माणसाला काहीच नको त्याच्याशी घासाघीस कशी करायची? तिथंच माझं बिनसलं. वर म्हणाले, "म्या करून देत न्हाय. तुमी करा, म्या बसतो."

पहिल्या दिवशी लिनक्स बसवलं. त्यांनी सांगितलेली आज्ञा मी एका बोटानं टाइप केली आणि पडद्यावर माझ्या कार्डाचं नाव आलं. ज्या कार्डाला त्याच्या कंपनीनं टाकलं, त्याला या फुकटच्यानं नावानिशी ओळखलं. मी उभाच राहिलो. पण स्पीकर गप्प. आवाज कमीजास्त करायचा पडदा त्यांनी उघडायला लावला, पट्ट्या भरलेल्या दिसल्या म्हणून मी तो लगेच बंद केला.

दुसऱ्या दिवशी कळलं की आवाज माझ्या कार्डाकडं जातच नव्हता, कॉम्प्युटरच्या अंगच्या चिपकडं जात होता. कार्ड पहिल्या नंबरावर आणण्यात दोन दिवस गेले. स्पीकर तरी गप्पच. आवाजाचा तो पडदा पुन्हा उघडला, तर सगळ्या पट्ट्या तशाच काठोकाठ भरलेल्या. मी दहावी नापास. म्हटलं, हे इंग्रजी तुम्हीच वाचा. ते म्हणाले, "बसच्या पाट्या वाचता की. अक्षराला अक्षर लावा." हात मांडीखालीच.

चौथ्या दिवशी म्हातारी पायरीवर येऊन बसली होती. मी चिडून पडदा वरपासून खालपर्यंत वाचत गेलो आणि एका पट्टीच्या पार तळाशी दोन इवली अक्षरं दिसली, एम एम. शेजारच्या पट्टीखाली दोन शून्यं होती. मदतीचं पान उघडलं, अक्षर अक्षर लावलं. एम म्हणजे म्यूट, मुकं. पट्टी भरलेली असली तरी तिचं तोंड बंद होतं. ही प्रणाली कार्डाला आधी मुकंच ठेवते. एमचं बटण दाबलं आणि तपासायला लावलेलं गाणं एवढ्या जोरात उसळलं की म्हातारी दचकली.

मी वळून विचारलं, "साहेब, हे तुम्हाला कधी दिसलं?"

"पैल्याच दिवशी."

"मग बोलला का नाही?"

"बोललो की. रोज म्हनत व्हतो, वाचा."

माझे चार दिवस गेले होते. यात्रा तोंडावर होती. मी म्हणालो, पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढू नका. त्यांनी हात मांडीखालून काढले. तळव्यांवर खुर्चीच्या विणीचे लाल वळ होते. ते जरा चोळले आणि म्हातारीला वाट द्यायला सांगून उतरले.

कॅसेट एकदाच वाजली, नीट उतरली. यात्रेत म्हातारी आपल्या बहिणीच्या आवाजावर आवाज चढवून गायली. मी गर्दीत साहेबांना शोधलं नाही. राग होता.

तो उतरेपर्यंत लेक त्यांना आपल्या घरी बेंबळीला घेऊन गेली होती. पुढच्या दिवाळीआधी बातमी आली, ते गेले.

परवा लिनक्सचं अपडेट झालं आणि कार्ड पुन्हा मुकं. धाराशिवच्या दुकानाला लावायला फोन उचलला आणि ठेवला. वाचत गेलो. समोरचा चहा येईपर्यंत आवाज परत.

मी टाइप केलेली प्रत्येक आज्ञा ते यंत्र जपून ठेवतं. उगीच मागं मागं गेलो, त्या चार दिवसांपर्यंत. माझ्या चुका, एकच शब्द सात वेळा चुकवलेला, शेवटी बरोबर. सगळं माझंच. त्या माणसाचं एक अक्षर त्यात नाही. इतकं सगळं करून गेला आणि मागं भांडायला एक अक्षर ठेवलं नाही.

ही कुठली रीत, साहेब?