मामांची उलटी फिल्म

“माणूस चौकटीतून निघून गेला, तरी लगेच कॅमेरा बंद करू नये. रिकाम्या जागेलाही घडीभर बोलू द्यावं.”

हे आमच्या मामांचं ठरलेलं वाक्य. लोकांच्या लग्नांचं शूटिंग करता करता त्यांचे केस पांढरे झाले, आणि आता शाळेत ते मुलांना फिल्म करायला शिकवत. पण या वाक्याला घर आणि शाळा असा भेद नव्हता. जेवण संपलं तरी मामा ताटासमोर बसून राहायचे. मामी विचारायची, “काय बोलतंय रिकामं ताट?”

“अजून थोडं वाढ म्हणतंय.”

मामीने तोंडाचा पट्टा सोडला की मामा हात उंचावून “कट!” म्हणायचे. मामी वाक्य पुरं करूनच थांबायची.

शाळेच्या जिन्यामागची एक खोली त्यांना मिळाली होती. खिडकीच्या काचांना काळा कागद, कोपऱ्यात कॅमेऱ्याची तिपाई, भिंतीवर पोरांच्या बोटांचे ठसे. पण मुख्याध्यापिका बाईंचा त्या खोलीवर डोळा होता. मोडक्या बाकांना जागा हवी होती. शेवटी त्या म्हणाल्या, “पालकांसमोर एक फिल्म दाखवा. ते शेवटपर्यंत बसले तर खोली तुमची, उठले तर बाकांची.”

मामा इरेला पेटले. गोष्ट त्यांनीच रचली : घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि म्हातारा बाप त्याला दारातच ओळखतो. बाप झाला शाळेचा शिपाई. त्याने खास दाढी वाढवली. मुलगा झाले कवायतीचे सर. त्यांची मिशी बापाहून थोराड होती, पण दुसरं कोणी तयार होईना. कॅमेरा दिला चिमणीकडे. वर्गात सगळ्यांत लहान ती, पण हात दगडासारखा स्थिर.

पहिल्याच शॉटला ती घाबरली. मामांनी “ॲक्शन” म्हणायच्या आधीच तिने बटण दाबलं, आणि “ॲक्शन” ऐकल्यावर पुन्हा दाबलं. बटण एकच. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. तिथून सगळी गाडी उलटी धावली. “ॲक्शन” म्हटलं की कॅमेरा झोपायचा, “कट” म्हटलं की जागा व्हायचा. काय टिपलंय ते मधेच बघायची सोय नव्हती. मामांचा दंडकच तसा : “सारखं झाकण काढलं की शिजत नाही.”

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी झाकण काढलं. बाप रडतो ते नाही, मुलगा येतो ते नाही, भेट नाही. होतं ते फक्त दोन शॉटांमधलं. पुन्हा करावं, तर शिपाई दाढी उतरवून गुळगुळीत होऊन आलेला.

“अगं, कॅमेरा चालू असल्याचा लाल दिवा बघितला नाहीस?”

चिमणीचे डोळे भरले. “बघितला ना, सर. मला वाटलं, लाल म्हणजे थांबलाय.”

मामा मटकन खाली बसले. “गेली खोली.”

“आहे तेच जोडू या, सर,” पोरं म्हणाली.

मामा गप्प राहिले. पोरांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर उगवले ते मामाच. शिपायाला रडून दाखवणारे मामा. दारातून धावत येऊन दाखवणारे, उंबऱ्याला अडखळणारे मामा. कवायतीच्या सरांना मिठी मारून, “अहो, छाती आत घ्या! बापाला भेटताय की सलामी देताय?” असं ओरडणारे मामा. पालकांची हसून हसून मुरकुंडी वळली. खरे मामा शेवटच्या रांगेतून हात हलवत होते, “कट! अरे, कट!”

मग पडद्यावरची मंडळी चहाला गेली. मामा एकटेच बापाच्या खुर्चीत बसले आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाले, “आलास का रे? जेवलास का?”

मामीने डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाली, “मला मेलं एवढ्या वर्षांत एकदा विचारलं नाही हो असं.”

एकही पालक उठला नव्हता. बाईंनी खोलीची किल्ली मामांच्या हातावर ठेवली. “घ्या. बाकं जिन्याखाली लावू.”

“पण बाई, ही माझी फिल्म नव्हे!”

“मग पडद्यावर कोण, मी होते?”

मामा किल्ली मुठीत धरून मैदान तुडवत निघाले. तोंड अपमान झाल्याचं, चाल मात्र नवरदेवाची. चिमणी पायरीवर कॅमेरा लावून बघत होती. मामा फाटकाबाहेर गेले.

“गेले सर. बंद कर आता,” पोरं म्हणाली.

तिने केला नाही. रिकामं फाटक वाऱ्यावर कुरकुरत राहिलं.

तेवढ्यात खांबाआडून मामांचं डोकं बाहेर आलं. “लाल दिवा लागलाय ना गं?”

“लागलाय, सर!”

डोकं दिसेनासं झालं. पावलं वाटेला लागली, आणि चिमणी बघत राहिली.