दुपारी गरम लागलेला लॅपटॉप

माझ्या ताईच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भाऊजींनी, बावीस वर्षं दुकानांतले वजनकाटे तपासले. ते बाजारात शिरले की दुकानदार एकमेकांना खुणावत, ‘पासंग आला रे!’ पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, म्हणजेच तो पासंग, भाऊजी नुसत्या बोटाने चाचपून काढत. घरीही तीच तऱ्हा. दूधवाला जरा गोड बोलला, की आज त्याने पाणी जास्त घातलंय असं यांना वाटणारच.

एकदा विसरलेला चष्मा न्यायला ते भरदुपारी घरी आले. ताई दातांच्या दवाखान्यातली सकाळपाळी संपवून साडेअकराला परतते. ती ओट्यापाशी होती. भाऊजींचे वडील, आबा, आतल्या खोलीत आडवे झाले होते. टेबलावर लॅपटॉप मिटलेला होता. भाऊजींचा हात सहज त्यावर टेकला, तर तो चांगलाच गरम!

“कोणी वापरला का गं?”

“नाही हो. मला कुठे वेळ?” ताई पाठमोरीच म्हणाली.

भाऊजींच्या मनात पाल चुकचुकली. संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप उघडून सगळा पिंजून काढला. शेवटचा वापर आदल्या दिवशीचा, आणि तोही त्यांचाच. पुढचे दोन दिवस काहीतरी निमित्त काढून ते पुन्हा दुपारी घरी आले. लॅपटॉप गरम, आत मात्र नोंद नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

शेवटी ऑफिसशेजारच्या दुरुस्तीवाल्याला त्यांनी गाठलं आणि एका मित्राची अडचण म्हणून सगळं सांगितलं.

“त्यात काय!” दुरुस्तीवाला म्हणाला. “बाहेरची हार्ड डिस्क जोडत असतील. तिच्यात अख्खी वेगळी सिस्टिम भरता येते. चालू करताना हे बटण दाबत राहायचं, म्हणजे यादी येते. त्यातून बाहेरची डिस्क निवडली, की लॅपटॉप तिच्यावरून सुरू होतो. काम झालं, बंद केला, डिस्क काढून घेतली. आतल्या सिस्टिमला पत्ताही लागत नाही.” मग हळूच म्हणाला, “तुमच्या मित्राला म्हणावं, घरात शोधा.”

शनिवारी ताई आबांना घेऊन फिरायला गेली आणि भाऊजींनी घराची झडती घेतली. डिस्क सापडली शिलाई मशीनच्या खणात, एका जुन्या मोज्यात. ज्या अर्थी मोज्यात लपवली आहे, त्या अर्थी भानगड मोठी आहे, असं त्यांनी धरूनच टाकलं. डिस्क जोडली, बटण दाबलं, यादीतलं खालचं नाव निवडलं. पडद्यावर चारच चित्रं आली, मोठीच्या मोठी. त्यातल्या ‘रोज लिहायचं’ यावर त्यांनी टिचकी मारली.

‘ती साडेअकराला आली. मी वाटच बघत होतो. तासभर बसलो. तिच्याशिवाय कोणाला सांगणार? त्याला कळता कामा नये.’

लिहिणारा पुरुष होता. येतो कुठून, जातो कुठून, आबांच्या कसा लक्षात येत नाही? त्यांनी खालचं वाचलं.

‘आज नातीचं नाव पटकन आठवेना. सूनबाईने पहिलं अक्षर सांगितलं, तेव्हा आलं.’

त्यांनी ते तीनदा वाचलं. दोघं परतली तेव्हा लॅपटॉप तसाच उघडा होता.

ताईने चपलाही काढल्या नाहीत. “डॉक्टरांनी रोज लिहायला सांगितलंय,” ती म्हणाली. “आपल्या लॅपटॉपवर दर चार दिवसांनी काहीतरी नवं उपटतं, आबा गोंधळतात. म्हणून त्यांच्यापुरती वेगळी सिस्टिम भरून घेतली. तिथे काही बदलत नाही.”

“मग माझ्यापासून लपवलंत कशाला?”

आबा खुर्चीत टेकले.

“तू मला रोज तपासलं असतंस. काल काय जेवलात, आज वार कोणता. अरे, तू सतावलेला दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करून घरी तरी जातो. मी कुठे जाऊ?”

हे भाऊजींनी स्वतःच मला सांगितलं, आणि सांगताना दोनदा पाणी प्यायले. स्वभाव काही बदलला नाही. आबांचे सगळे रिपोर्ट त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडून ताडून घेतलेच, आणि दुखणं खरं निघालं. आता दर बुधवारी ते अर्धी रजा टाकून आबांजवळ बसतात.

परवा आबांनी लिहिताना तारीख चुकवली. भाऊजींचं बोट पडद्याकडे निघालं आणि अर्ध्यातच थांबलं. ताई दारातून बघत होती.

“काहीतरी चुकलंय ना रे?” आबांनीच विचारलं.

“एक आकडा. सापडेल तुम्हाला.”

आबा शोधत राहिले. सापडायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ भाऊजी हातांची घडी घालून बसून होते.